अप्पासाहेब पटवर्धन

सन १९३२ च्या अखेरीस रत्नागिरीच्या तुरुंगातील एका सत्याग्रही कैद्याने अधिकाऱ्यांपाशी विलक्षण मागणी केली. तुरुंगातील संडास साफ करण्याचे काम आपणांस मिळावे, अशी ती मागणी होती. हे काम तेव्हा ठराविक जातींच्या कैद्यांकडूनच करून घेत. मागणी करणारा तर ब्राह्मण कुळातला आणि एम्. ए. झालेला विद्वान! अधिकाऱ्यांनी नकार दिला, तेव्हा त्याने अन्न तोडले. येरवड्याच्या तुरुंगात महात्मा गांधींना ही वार्ता कळताच, ३ डिसेंबर रोजी त्यांनीही उपवास आरंभिला. सरकारने फेरविचाराचे आश्वासन दिल्यावरच तो सुटला.

हे कैदी म्हणजे सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन. त्यांचा जन्म १८९४ साली रत्नागिरी जिल्ह्यात झाला. कोकणातील लोक त्यांना आदराने ‘कोकणचे गांधी’ म्हणत.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापिला. मेलेल्या गुरांची कातडी सोडविण्यापासून मैल्याचे खत करण्यापर्यंत, लोक ज्यांचा विटाळ मानीत, ती सारी कामे तेथे अप्पासाहेब स्वतः करीत. मात्र केवळ आपण झाडू हाती घेतल्याने दुसऱ्याच्या डोक्यावरील मैल्याची पाटी उतरणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. हाताने मैला उचलावाच लागू नये, असा संडास हवा होता. म्हणून त्यांनी सोपे, स्वस्त संडास बांधून पाहिले आणि मैल्यापासून जळणारा वायू मिळविण्याचेही प्रयोग केले.

त्यामागील शास्त्र मोठे मनोरंजक आहे. शेण, मैला किंवा सांडपाण्यातील घाण बंद टाकीत ठेविली, की आत हवा पोहोचत नाही. अशा निर्वात जागीच वाढणारे सूक्ष्म जीव ती घाण कुजवितात व तीतून मिथेन वायू निघतो. नळीने तो चुलीपर्यंत आणिला, की निळसर ज्योतीने जळतो; त्याला ना धूर, ना राख. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पातळ रबडीतील नत्र टिकून राहते, म्हणून ती पिकांना उत्तम खत ठरते.

शेणाच्या वायूवर भाकरी भाजण्यास कोणाची हरकत नसते. मैल्याचा वायू म्हटला, की नाके मुरडली जातात. वास्तविक दोन्ही ज्योती सारख्याच! यंत्र उभारण्यापेक्षा हा संकोच घालविणेच अवघड होते.

अप्पासाहेब १९७१ साली निवर्तले. त्यांच्यापासून स्फूर्ती घेतलेले डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर यांनी पुढे देहू गावी संडासांना जोडलेली वायुयंत्रे उभारली आणि या कामासाठी काढलेल्या संस्थेस अप्पासाहेबांचेच नाव दिले.