अडीच सेकंदांचं उड्डाण : रॉबर्ट गोडार्ड

धान निघालं की पारशिवनीच्या आसपासची वावरं मोकळी होतात. सकाळी मुलांना घेऊन पाण्याच्या बाटलीचं रॉकेट उडवायला ही छान जागा. पण निघण्याआधी वर्गात एका माणसाची गोष्ट जरूर सांगा.

रॉबर्ट गोडार्ड यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८८२ रोजी अमेरिकेतील वूस्टर येथे झाला. लहानपणी तब्येत नाजूक, त्यामुळे शाळा सारखी बुडायची. शालेय शिक्षण संपलं तेव्हा ते २१ वर्षांचे होते! १९ ऑक्टोबर १८९९ ला ते फांद्या छाटायला चेरीच्या झाडावर चढले आणि मंगळापर्यंत जाणारं यंत्र कसं असेल, हा विचार डोक्यात शिरला. तो दिवस त्यांनी जन्मभर लक्षात ठेवला.

पुढे ते क्लार्क विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवू लागले. निर्वात जागेतही रॉकेटला धक्का मिळतो, हे त्यांनी प्रयोगाने दाखवलं. तरी १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्यांची टर उडवली. हवाच नाही तर रॉकेट कशाला रेटणार, असा त्यांचा सवाल होता. खरं तर रॉकेट बाहेरच्या हवेला रेटत नाही. आतला वायू वेगाने मागे जातो, म्हणून ते पुढे जातं. फुगा फुगवून सोडला की मुलांना हे लगेच कळतं.

गोडार्ड थांबले नाहीत. १६ मार्च १९२६ रोजी ऑबर्न गावात, नात्यातल्या एफी वॉर्ड यांच्या शेतात, बर्फात त्यांनी सुमारे तीन मीटर उंचीचा सांगाडा उभा केला. इंधन होतं पेट्रोल, जोडीला द्रवरूप ऑक्सिजन. रॉकेट साडेबारा मीटर वर गेलं आणि ५६ मीटरवर कोबीच्या वाफ्यात पडलं. सगळा खेळ अडीच सेकंदांचा! पण द्रव इंधनावर उडालेलं ते जगातलं पहिलं रॉकेट होतं. त्यात इंजिन वरच्या टोकाला होतं. त्याचा फायदा नाही हे लक्षात आल्यावर पुढे त्यांनी ते खाली घेतलं.

१० ऑगस्ट १९४५ ला ते वारले. त्या वर्तमानपत्राने आपली चूक कबूल केली ती १७ जुलै १९६९ ला, अपोलो-११ चंद्राकडे निघाल्यावर. दुरुस्ती वाचायला गोडार्ड नव्हते.

आपल्या वावरात एखाद्या पोराची बाटली दोन हात वर जाऊन आडवी पडेल. बाकीची पोरं हसतील. तेव्हा आपण मोठ्यांनी हसू नये. बाटली उचलून त्याच्या हातात द्यावी आणि विचारावं, पाणी किती भरलं होतं, पंप किती वेळा मारला, आता काय बदलशील? ते वहीत लिहायला लावावं आणि त्याला पुन्हा एक संधी द्यावी. गोडार्ड यांचा धडा एवढाच आहे.