स्पष्टवक्ता सेनानी

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेस सह्याद्री आणि मधून वाहणारी तापी, असा हा खानदेश. आज येथे कापसाची व केळीची शेते डोलताना दिसतात. परंतु दोनशे वर्षांपूर्वी या प्रदेशाची स्थिती फार निराळी होती. लढाया, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि दुष्काळ यांमुळे गावेच्या गावे ओसाड पडली होती. पूर्वी कित्येक गावांची राखण भिल्ल जागले करीत असत. या धामधुमीत त्यांचे पिढीजात हक्क बुडाले आणि पोटास अन्न मिळेनासे झाले. तेव्हा पुष्कळ भिल्ल डोंगरांत शिरले व लुटालूट करून निर्वाह करू लागले. १८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाला आणि खानदेश इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला. कंपनीच्या फौजांनी पुढे कित्येक वर्षे भिल्लांचा पाठलाग केला. पण डोंगर काही शांत होईनात.

अशा वेळी, १८२५ मध्ये, जेम्स औट्रम नावाचा बावीस वर्षांचा एक इंग्रज अधिकारी खानदेशात आला. त्याचा जन्म २९ जानेवारी १८०३ रोजी इंग्लंडमध्ये झाला. तो दोन वर्षांचा असतानाच त्याचे वडील वारले. आईने गरिबीत मुलांना वाढविले, परंतु कोणापुढे लाचारी पत्करली नाही. सोळाव्या वर्षी जेम्स कंपनीच्या सैन्यात दाखल होऊन हिंदुस्थानात आला. तो अंगाने ठेंगणा होता, पण वाघाच्या शिकारीत सर्वांच्या पुढे असे.

त्या वेळी मुंबई इलाख्याचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. भिल्लांना नुसते मारून काढण्याऐवजी त्यांचीच एक पलटण उभारावी, असे सरकारने ठरविले आणि ती कामगिरी औट्रमवर सोपविली. औट्रमने आरंभी भिल्लांच्या तळावर अचानक छापा घालून काही जणांना पकडले. मग त्याच कैद्यांच्या मार्फत त्याने डोंगरातील नाईकांकडे निरोप धाडले. पहारा न घेता तो त्यांच्यात जाऊन राहू लागला. इंग्रज आपणांस एकत्र जमवून ठार करणार, अशी शंका भिल्लांच्या मनात होती. ज्या माणसाने आपला जीव आमच्या हाती दिला, तो आमचा घात कसा करील, असे आता त्यांना वाटू लागले. ज्यांना त्याने पकडले होते, त्यांच्यापैकीच काही जण त्याचे पहिले शिपाई झाले.

आजच्या जळगाव जिल्ह्यातील धरणगाव हे या भिल्ल पलटणीचे मुख्य ठाणे होते. घाटांची राखण करणे, वाटसरूंना संरक्षण देणे आणि लुटारूंचा बंदोबस्त करणे, ही कामे ती पलटण करू लागली. एकदा ती मालेगावच्या छावणीत गेली. तेथील शिपायांत उच्च मानल्या जाणाऱ्या जातींचे पुष्कळ लोक होते. ते भिल्लांचा उपहास करतील अशी भीती होती. परंतु त्यांनी भिल्ल शिपायांना शेजारी बसवून घेतले व पानसुपारी दिली. ज्यांना कालपर्यंत लोक लुटारू म्हणत होते, त्यांना त्या दिवशी सन्मान मिळाला. दहा वर्षे खानदेशात राहिलेल्या औट्रमला तेथे एक गोष्ट उमगली. शस्त्राने माणसे दबतात, पण विश्वासाने ती आपली होतात. आणि सैन्याचे खरे काम दुबळ्यांना अभय देणे हेच आहे.

पुढे सिंध प्रांतात या समजुतीची कसोटी लागली. तेथे मीर घराण्याचे राज्य होते आणि कंपनीशी त्यांचे तह झालेले होते. तेथील सेनापती सर चार्ल्स नेपियर याने १८४२ मध्ये एका मेजवानीत औट्रमची तुलना बेयार्ड या निर्भय व निष्कलंक फ्रेंच वीराशी केली होती. परंतु नेपियर मीरांवर अधिकाधिक कडक अटी लादू लागला. तेव्हा औट्रमने आपल्या या वरिष्ठालाच स्पष्ट लिहून कळविले की, हा जुलूम आहे, ही लूट आहे. आणि हिच्यापायी जे प्राण जातील, तो खूनच मानावा लागेल.

तरीही शिपाई म्हणून त्याने कर्तव्यात कसूर केली नाही. १५ फेब्रुवारी १८४३ रोजी हैदराबादेतील त्याच्या निवासस्थानावर हजारो बलुची योद्ध्यांनी हल्ला केला. त्याने सुमारे शंभर माणसांनिशी काही तास ती जागा लढविली आणि मग सर्वांना नदीतील आगबोटीवर सुखरूप नेले. दोनच दिवसांनी मियाणीची लढाई झाली व त्याच वर्षी सिंध प्रांत कंपनीने घेतला. सिंध घेण्याचा आपणांस हक्क नाही, हे नेपियरनेही आपल्या रोजनिशीत नमूद केले होते. पण ते रोजनिशीतच राहिले. औट्रम मात्र इंग्लंडला गेला आणि मीरांवर अन्याय झाला आहे असे त्याने उघडपणे सांगितले. १८४६ मध्ये त्याने यावर ग्रंथही प्रसिद्ध केला. त्यामुळे नेपियरशी असलेली मैत्री कायमची तुटली आणि वरिष्ठांची मर्जी गेली. सिंधच्या लुटीतील त्याचा वाटा सुमारे तीन हजार पौंडांचा होता. जे युद्ध अन्यायाचे, त्याचा पैसा मला नको, या विचाराने त्याने ती सारी रक्कम धर्मादाय कार्यांना वाटून टाकली. तो काही श्रीमंत नव्हता, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

औट्रमचे सारेच वर्तन असे निर्दोष होते, असे म्हणता येणार नाही. १८५६ मध्ये अयोध्येचे राज्य खालसा झाले, ते त्याच्याच हातून. १८५७ च्या स्वातंत्र्यसंग्रामात तो परकी सत्तेच्या बाजूने लढला. परंतु १८५८ मध्ये गव्हर्नर जनरल कॅनिंग याने अयोध्येतील तालुकदारांच्या जमिनी जप्त करण्याचा जाहीरनामा काढला, तेव्हा त्यालाही औट्रमने विरोध केला. लोकांना निराश केले तर त्यांच्यापुढे लढण्यावाचून मार्गच उरणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्यामुळे जाहीरनाम्याची भाषा थोडी सौम्य करावी लागली.

११ मार्च १८६३ रोजी फ्रान्समध्ये औट्रमचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या विख्यात मंदिरात त्याचे दफन करण्यात आले.

रणांगणावर शत्रूला तोंड देणारे वीर पुष्कळ असतात. परंतु आपल्याच सेनापतीचे चुकले तर ते त्याच्या तोंडावर सांगणारा आणि मग सर्व जगापुढे त्याचा उच्चार करणारा वीर विरळा. औट्रम परकी सत्तेचा चाकर होता, हे आपण विसरू नये. आणि तलवार हाती असताना तो सत्य बोलला, हेही विसरू नये.