र. धों. कर्वे: लैंगिक प्रश्नांवर लिहिलं म्हणून कोर्टात उभे राहिलेले गणिताचे प्राध्यापक

मूल कधी हवं, हवं की नको, हे कोण ठरवणार? गर्भपाताच्या हक्कावरून आज सुप्रीम कोर्टात रंगणारा हा वाद महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाला होता.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १८८२ चा. ते महर्षी कर्वेंचे थोरले चिरंजीव. संततिनियमनाच्या जाहीर प्रचारामुळे त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी स्वतःही मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला.

१९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि कोर्टाच्या फेऱ्याही सुरू झाल्या. १९३१ मध्ये अश्लीलतेच्या आरोपाखाली १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला. यावेळी वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांची चर्चा म्हणजे अश्लीलता नव्हे, हा त्यांचा मुद्दा कोर्टाने मानला नाही. २०० रुपये दंड झाला.

१९३८ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तोही फेटाळला गेला. कर्वे मात्र १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत मासिक काढत राहिले.

पुढे काय झालं?

कर्वेंच्या हयातीत आईचा जीव वाचवण्याचा अपवाद सोडला तर गर्भपात गुन्हाच होता. १९७१ च्या कायद्याने ठरावीक अटींवर त्याला परवानगी दिली. मूल हवं की नको हे ठरवणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये म्हटलं. २०२२ मध्ये अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताचा समान हक्क मिळाला.

मग बीडमध्ये काय दिसतं?

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. राज्यातला हा नीचांक. गर्भपात होत होते, पण मुलगी नको म्हणून. २०१९ मध्ये इथल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. पाळीमुळे खाडा झाला तर मजुरी कापली जाते, ही भीती त्यामागचं एक कारण होती.

कोर्टाने निर्णयाचा हक्क बाईला दिला. फडात आणि घरात तो अजून तिच्या हाती यायचा आहे. कर्वेंचा झगडा नेमका त्यासाठीच होता.