सरासरीतून प्रश्न काढणारे ओरे

सरासरी म्हणजे गुणपत्रिकेपुरते काम, असे पुष्कळांना वाटते (पालकांनाही!). नॉर्वेचे गणिती ओयस्टाइन ओरे यांनी मात्र याच सरासरीतून असा प्रश्न काढला, जो अजून सुटलेला नाही.

ओरे यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८९९ रोजी क्रिस्तियानिया येथे झाला. हेच शहर पुढे ओस्लो झाले. तेथेच १९२४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९२७ मध्ये ते अमेरिकेतील येल विद्यापीठात गेले आणि सुमारे चाळीस वर्षे तेथे शिकवीत राहिले. संगणकाच्या इतिहासात ज्यांचे नाव मोठे आहे, त्या ग्रेस हॉपर यांनी १९३४ मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट केली. आपल्या शाळेच्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात गेला, तेव्हा ओरे अमेरिकेत राहून मायदेशासाठी मदत गोळा करण्याच्या कामात पडले.

१९४८ मध्ये त्यांनी संख्येच्या विभाजकांच्या सरासरीवर एक लेख लिहिला. ६ चे विभाजक १, २, ३, ६. त्यांची बेरीज १२, सरासरी ३. आता दुसरी सरासरी, हरात्मक माध्य: विभाजक किती ते मोजा आणि त्या संख्येला विभाजकांच्या व्यस्तांच्या बेरजेने भागा. येथे विभाजक ४, व्यस्तांची बेरीज २, उत्तर २. गंमत अशी, की ३ गुणिले २ म्हणजे पुन्हा ६! दोन्ही सरासरींचा गुणाकार नेहमी मूळ संख्याच देतो. २८ ची साधी सरासरी अपूर्णांकात येते, पण हरात्मक माध्य बरोबर ३.

ज्यांचे हरात्मक माध्य पूर्णांक येते, अशा संख्या ओरे यांनी शोधल्या: १, ६, २८, १४०, २७०, ४९६... स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज संख्येइतकी होते, ती परिपूर्ण संख्या. अशी प्रत्येक संख्या या यादीत येतेच, हे त्यांनी दाखवले. १ सोडून यादीत विषम संख्या नसावी, असा त्यांचा अंदाज होता. तो सिद्ध झाला, तर विषम परिपूर्ण संख्या आहे की नाही, हा फार जुना प्रश्नही निकालात निघेल. २०१० मध्ये १ वर २४ शून्ये एवढ्या मर्यादेपर्यंत शोध झाला. एकही सापडली नाही.

तरुणपणीच गेलेले त्यांचे देशबंधू आबेल यांचे चरित्रही ओरे यांनी लिहिले. शाळकरी मुलांसाठी संख्या सिद्धांताचे पुस्तक १९६७ मध्ये आले. पुढच्याच वर्षी १३ ऑगस्टला ओस्लो येथे त्यांचे निधन झाले.

२७० चे काम मी तुमच्यावर सोपवतो. विभाजक १६ आहेत. एखादा सुटला, तर बेरीज ७२० येणार नाही.