पिसांच्या माशीचा भाष्यकार : जॉर्ज केल्सन

क्रिकेटच्या जुन्या नोंदवह्यांत जॉर्ज मॉर्टिमर केल्सन हे नाव केंट परगण्याचा फलंदाज म्हणून आढळते. १८६०च्या दशकात केंटच्या आघाडीच्या फलंदाजांत त्याची गणना होत असे. १८६३ मध्ये सरेविरुद्ध त्याने शतक झळकावले होते. मात्र जगाच्या स्मरणात तो राहिला तो बॅटमुळे नव्हे, तर गळावर रेशीम आणि पिसे गुंडाळून केलेल्या बोटभर लांबीच्या आमिषामुळे. सॅमन माशासाठी कोणती 'फ्लाय', म्हणजे कोणती कृत्रिम माशी निवडावी, या प्रश्नाला त्याने आपले उभे आयुष्य वाहिले. त्या प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तर जितके देखणे होते, तितकेच वादग्रस्त ठरले.

केल्सनचा जन्म १८३५ सालचा. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील सुखवस्तू इंग्रज तरुणाला साजेसे सारे मर्दानी छंद त्याला होते. पुढे या साऱ्यांची जागा एकट्या सॅमनने घेतली. रेल्वेमुळे स्कॉटलंडच्या नद्या लंडनकरांच्या आवाक्यात आल्या होत्या. ट्वीड, टे, स्पे, डी या नद्यांच्या काठावरील मासेमारीचे हक्क धनिकांकडून मोठ्या भाड्याने घेतले जात. सॅमन पकडणे हे उपजीविकेचे साधन न राहता प्रतिष्ठेचे लक्षण बनले होते.

या माशाचे जीवन विलक्षण आहे. तो नदीच्या गोड्या पाण्यात, वाळू-गोट्यांच्या तळाशी जन्मतो. काही काळ तेथील किडे खाऊन वाढतो आणि समुद्रात जातो. तेथे पुष्ट होऊन तो अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्याच नदीत परततो. मात्र नदीत शिरल्यावर तो खाणे जवळजवळ थांबवतो आणि अंगातील चरबीवर प्रवाहाविरुद्धचा प्रवास पुरा करतो. ज्याला भूकच नाही, त्याने आमिषाला तोंड का लावावे? चिडून, कुतूहलाने की बालपणीच्या सवयीने, याचा निर्णायक उलगडा आजही झालेला नाही. ट्राऊटसाठी माशी निवडताना नदीवर उडणाऱ्या खऱ्या कीटकाची नक्कल करता येते. सॅमनच्या बाबतीत नक्कल करण्याजोगे समोर काहीच नसते. ही मोकळी जागा कल्पनेने भरण्यास मोठा वाव होता आणि केल्सनने ती भरून काढली.

त्याच्या आधीच्या पिढीचे समाधान थोडक्यात होत असे. विल्यम स्क्रोप याने १८४३ मध्ये ट्वीड नदीवरील मासेमारीबद्दल ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याला अवघ्या सहा माश्या पुरेशा वाटल्या होत्या. त्यांचे रंगही साधेच होते. त्यानंतर आयर्लंडमधून भडक रंगांच्या माश्यांची लाट आली आणि साम्राज्याच्या जहाजांतून जगभरच्या पक्ष्यांची कातडी लंडनच्या बाजारात उतरू लागली. 'फिशिंग गॅझेट' आणि 'लँड अँड वॉटर' या नियतकालिकांतून केल्सनने या माश्यांचे वर्णन करणारे लेख लिहिले. १८९५ मध्ये 'द सॅमन फ्लाय' हा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शेकडो माश्यांची कृती, प्रत्येक पिसाची जागा, रंगीत चित्रे आणि माशीच्या प्रत्येक अवयवाचे नाव असा सारा शास्त्रीय थाट त्यात होता. नदी कोणती, ऋतू कोणता, आकाश स्वच्छ की ढगाळ, पाणी गढूळ की नितळ, यांवर माशीची निवड ठरते, असे त्याचे प्रतिपादन होते. कोणतीही माशी चालते, असे म्हणणाऱ्यांना तो अडाणी समजत असे.

त्याच्या पद्धतीचा नमुना म्हणून 'जॉक स्कॉट' या माशीकडे पाहता येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास याच नावाच्या एका स्कॉटिश नोकराने ती प्रथम बांधली. केल्सनने नोंदवलेल्या तिच्या कृतीत शरीराचा अर्धा भाग पिवळ्या आणि अर्धा काळ्या रेशमाचा आहे. त्यावर टूकनची पिसे येतात. पंखांत टर्की, माळढोकाच्या कुळातील पक्षी, मोर, मकाव आणि चीनमधील सोनेरी फेझंट असतात. गालावर दक्षिण अमेरिकेतील निळ्या कोटिंगाचे पीस लागते. शेपटीत 'इंडियन क्रो' येतो. नाव भारतीय कावळ्याचे असले, तरी हा पक्षी प्रत्यक्षात दक्षिण अमेरिकेतील आहे.

खरा भारतीय संबंध निराळाच आहे. या माशीच्या दोन्ही बाजूंना 'जंगल कॉक'चे पीस बसवले जाते. तो म्हणजे आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिण भारतातील जंगलांत आढळणारा राखी रानकोंबडा. त्याच्या मानेवरील पिसांवर मेणासारखे चकचकीत ठिपके असतात आणि पाण्यात ते डोळ्यांसारखे दिसतात. या ठिपक्यांपायी असंख्य रानकोंबड्यांच्या माना सातासमुद्रापार गेल्या. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला भारतात संरक्षण मिळाले. पुढे परदेशातील हौशी मंडळींना बंदिस्त जागेत पाळलेल्या कोंबड्यांच्या पिसांवर भागवावे लागले.

केल्सनच्या अधिकाराला पहिला तडा गेला तो त्याच्या हयातीतच. अनेक माश्यांच्या निर्मितीचे श्रेय त्याने स्वतःकडे व आपल्या वडिलांकडे घेतले होते. 'फिशिंग गॅझेट'चा संपादक आर. बी. मार्स्टन याने त्याला आव्हान दिले. १९०७-०८च्या सुमारास 'लिटल इंकी बॉय' नावाच्या एका लहान काळ्या माशीवरून दोघांमध्ये जाहीर वाद रंगला. सत्तरी ओलांडलेल्या केल्सनच्या प्रतिष्ठेला त्यात मोठा धक्का बसला. १९२० मध्ये त्याचे निधन झाले. पुढच्याच वर्षी ब्रिटनने पक्ष्यांच्या पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा केला. त्यामागे टोप्यांवर पिसे मिरवण्याच्या फॅशनविरुद्धची दीर्घ चळवळ होती.

दुसरा तडा नदीनेच दिला. डी नदीवरील केर्नटन येथे आर्थर वुड याने १९१३ ते १९३४ या काळात तीन हजारांहून अधिक सॅमन पकडले. तरंगती दोरी आणि विरळ बांधणीच्या, लहान, साध्या अशा मोजक्याच माश्या एवढे त्याचे साहित्य होते. माशीच्या रंगरूपापेक्षा तिचा आकार आणि पाण्यात तिची चालण्याची रीत महत्त्वाची, हा त्याचा निष्कर्ष होता. आजचे अनुभवी मासेमारही प्रथम पाण्याचे तापमान, उंची आणि नितळपणा पाहतात. वसंताच्या सुरुवातीच्या थंड, भरल्या पाण्यात मोठी, जड माशी खोलवर सोडली जाते. उन्हाळ्यातील उथळ, स्वच्छ पाण्यात अगदी लहान माशी पृष्ठभागाजवळून फिरवली जाते. पंखांसाठी दुर्मीळ पिसांऐवजी खारीच्या किंवा हरणाच्या शेपटीचे रंगवलेले केस वापरले जातात आणि सॅमनची त्याबद्दल काही तक्रार दिसत नाही.

तरीही केल्सनचा ग्रंथ मागे पडला नाही. मासे पकडण्यासाठी नव्हे, तर केवळ कला म्हणून त्याच्या माश्या हुबेहूब बांधणाऱ्यांचा एक जागतिक पंथ तयार झाला. त्या हव्यासाचे टोक जून २००९ मध्ये दिसले. इंग्लंडमधील ट्रिंग येथील निसर्ग इतिहास संग्रहालयाच्या शाखेतून एका तरुण बासरीवादकाने पक्ष्यांची २९९ कातडी चोरली. त्यांतील काही आल्फ्रेड रसेल वॉलेस या थोर निसर्गशास्त्रज्ञाने गोळा केलेली होती. अनेकांची पिसे उपटून आणि ओळखचिठ्ठ्या काढून ती विकली गेली. शास्त्राच्या दृष्टीने हे नुकसान भरून न येणारे होते.

केल्सनने जी नद्यांची, प्रकाशाची आणि पाण्याची बारकाईने पाहणी केली, ती वाया गेली असे म्हणता येणार नाही. नदी पाहून माशी निवडावी, हा त्याचा मूळ आग्रह आजही ग्राह्य आहे. चूक झाली ती निवडीचा भार पाण्यावरून काढून पिसांवर टाकण्यात. त्याच्या माश्यांनी सॅमनला किती भुलवले, हे सांगणे कठीण आहे. माणसांना मात्र त्यांनी सव्वाशे वर्षांनंतरही गळाला लावून ठेवले आहे.