येणं-बाकीची वही



परवा अप्रेझल झालं. रेटिंग मनासारखं नाही. दोन दिवस डोक्यात एकच टेप : प्रोजेक्टच चुकीचा मिळाला, माझं काम कुणाला दिसतच नाही. तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण त्या दोन दिवसांत मी दुसरं काहीच केलं नाही. काल रात्री गाथा उघडली, आणि तुकोबारायांचं आयुष्य समोर आलं.

देहूचं हे घर खाऊनपिऊन सुखी. दुकान, सावकारी, घरात पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी. थोरल्या भावाचं, सावजीचं, मन संसारात नव्हतं, म्हणून कोवळ्या वयात सगळा भार तुकोबांवर पडला. मग आईवडील गेले. १६३० च्या सुमारास भीषण दुष्काळ आला. धंदा बुडाला, दिवाळं निघालं. पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या, लहानगा संतूही गेला.

आता हा माणूस जन्मभर नशिबाला बोल लावत बसला असता, तरी त्याला कोण नावं ठेवणार होतं?

तुकोबांनी दुःख लपवलं नाही. दुष्काळ, दिवाळं, लोकांत वाटलेली लाज, हे सगळं त्यांनी अभंगात स्वतःच सांगितलंय. पण ते तिथेच थांबले नाहीत. घरात लोकांची कर्जखतं होती. परंपरा सांगते, धाकट्या कान्होबाला त्याचा अर्धा वाटा दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत सोडला. स्वतःच्या घरात चणचण असताना! मग विठ्ठलाचं पडकं देऊळ नीट केलं, संतांची वचनं पाठ केली, कीर्तनात दुसऱ्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद धरलं. पुढे त्याच दिवाळ्याबद्दल ते देवाला म्हणाले की झालं ते बरंच झालं, त्यामुळेच तुझी आठवण राहिली.

घटना तीच, पण आता तिच्यात त्यांच्यावर झालेला अन्याय नाही, त्यांना सापडलेली वाट आहे.

एक मात्र लक्षात ठेवूया. 'बरं झालं' हे तुकोबा स्वतःच्या दुःखाबद्दल म्हणाले. दुसऱ्याच्या दुःखाला तसं म्हणायचा हक्क आपल्याला नाही. उपाशी कुळांना त्यांनी उपदेश केला नाही, त्यांचं कर्ज सोडून दिलं.

माझ्याही मनात अशी एक वही आहे. कुणी माझं किती देणं लागतं, त्याची. आज सकाळी त्यातलं एक पान सोडलं. मॅनेजरकडे वेळ मागितला, भांडायला नाही, कुठे कमी पडलो ते विचारायला.

तुमच्या वहीतलं कोणतं पान आज इंद्रायणीत जाईल?

राम कृष्ण हरी.