पुलाच्या पलीकडे गेलेला धर्मगुरू : फादर जेम्स ग्रोपी



एखाद्या शहरात दंगल उसळली की पोलीस काय करीत होते, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. दंगल शमली की चौकशी समिती नेमली जाते, तिचा अहवाल येतो आणि शहर पुन्हा आपल्या उद्योगाला लागते. दंगलीपूर्वीच्या दहा-वीस वर्षांत त्या शहरातील श्रद्धावंत माणसे काय करीत होती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात हा प्रश्न एका कॅथलिक धर्मगुरूने आपल्याच लोकांना विचारला आणि त्याची जबर किंमत मोजली. त्या फादर जेम्स ग्रोपी यांच्या जीवनाचा परिचय आम्ही आज करून देत आहोत. त्यांच्या आयुष्याचा शेवट आपल्या अपेक्षेप्रमाणे झाला नाही, हे आम्ही प्रारंभीच नमूद करतो. तरीही हे चरित्र सांगितले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

जेम्स ग्रोपी यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९३० रोजी मिलवॉकीच्या दक्षिण भागातील बे व्ह्यू या वस्तीत झाला. आईवडील इटलीहून आलेले. बारा भावंडांत जेम्स अकरावे. वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते व सारी मुले तेथे हातभार लावीत. शाळेत असताना जेम्स बास्केटबॉल संघाचे कर्णधार होते. पुढे त्यांनी सेमिनरीत प्रवेश घेतला. सुट्टीच्या दिवसांत ते कधी बस चालवीत, तर कधी शहराच्या मध्यवस्तीतील मुलांच्या केंद्रात काम करीत. त्या केंद्रात त्यांना कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला येणारी हेटाळणी प्रथमच जवळून दिसली. १९५९ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

त्या काळचे मिलवॉकी एका दरीने दुभंगलेले होते. मेनॉमनी नदीच्या खोऱ्याच्या उत्तरेस कृष्णवर्णीयांची दाट वस्ती, तर दक्षिणेस प्रामुख्याने पोलिश वंशाच्या कॅथलिक कामगारांची नीटनेटकी घरे. दोहोंना जोडणारा १६ व्या रस्त्यावरचा लांबलचक पूल आफ्रिकेला पोलंडशी जोडतो, म्हणून तो जगातील सर्वांत लांब पूल आहे, असा कडवट विनोद शहरात प्रचलित होता. कृष्णवर्णीय माणसाच्या हाती पैसा असला तरी त्याला पुलापलीकडे घर मिळत नसे. नगर परिषदेतील पहिल्या कृष्णवर्णीय व पहिल्या महिला सदस्य व्हेल फिलिप्स यांनी १९६२ पासून गृहनिवासातील भेदभावाविरुद्ध चार वेळा ठराव मांडला. चारही वेळा तो अठरा विरुद्ध एक अशा मतांनी फेटाळला गेला. ते एक मत त्यांचे स्वतःचे असे.

पोलिसांविषयीचा अविश्वासही जुनाच होता. १९५८ साली डॅनियल बेल नावाचा २२ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मरण पावला. त्याच्या हातात चाकू होता, असे पोलिसांनी सांगितले व अधिकृत चौकशीने ते ग्राह्य मानले. तो चाकू नंतर त्याच्या हातात ठेवण्यात आला होता, हे सत्य वीस वर्षांनी, त्या वेळी हजर असलेल्या दुसऱ्या पोलिसाने तोंड उघडल्यावर उजेडात आले. गोळी झाडणाऱ्याने १९७९ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. उत्तरेकडील वस्तीला मात्र हे सत्य पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. १९६४ साली पोलीसप्रमुखपदी आलेले हॅरल्ड ब्रायर यांची नेमणूक तेव्हाच्या नियमाप्रमाणे तहहयात होती. त्यामुळे लोकांपुढे उत्तरदायी राहण्याची त्यांना गरजच उरली नव्हती.

अशा शहरात १९६३ साली फादर ग्रोपी यांची बदली उत्तरेकडील संत बोनिफेस धर्मग्रामात झाली. तेथील बहुतेक भाविक कृष्णवर्णीय होते. त्यांची सुखदुःखे पाहता पाहता फादर स्वतःच बदलत गेले. १९६३ साली ते वॉशिंग्टनच्या महामोर्चात सामील झाले, पुढील वर्षी मिसिसिपीस गेले आणि १९६५ साली सेल्माच्या पदयात्रेत चालले. मात्र दूरच्या दक्षिणेतील अन्यायाविरुद्ध चालणे सोपे आणि आपल्या गावातील अन्यायाविरुद्ध चालणे कठीण, हे त्यांना घरी परतल्यावर कळले. लॉइड बार्बी या वकिलांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या शाळांमधील विभक्ततेविरोधी आंदोलनात त्यांनी भाग घेतला व अटकही पत्करली. १९६५ साली ते एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक युवक परिषदेचे सल्लागार झाले.

त्याच वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात वंशभेद देवाच्या इच्छेविरुद्ध असल्याचे स्पष्ट केले होते. फादर ग्रोपींनी ते शिक्षण रस्त्यावर नेले. १९६६ साली त्यांच्या तरुणांनी कृष्णवर्णीयांना सभासदत्व न देणाऱ्या ईगल्स क्लबविरुद्ध आंदोलन छेडले. त्या क्लबचे सभासद असलेल्या एका न्यायाधीशांच्या घरासमोर रोज निदर्शने होऊ लागली. विरोधकांचा जमाव इतका खवळला की निदर्शकांच्या रक्षणासाठी राज्यपालांना नॅशनल गार्डचे सैनिक पाठवावे लागले. त्याच ऑगस्टमध्ये परिषदेच्या कार्यालयात बॉम्बस्फोट झाला. त्यानंतर परिषदेतील तरुणांनी ‘कमांडो’ नावाचे पथक उभारले. नाव लष्करी असले तरी ते नि:शस्त्र होते. जमाव आणि मोर्चेकरी यांच्यामध्ये उभे राहून मार झेलणे हेच त्यांचे काम.

१९६७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील अनेक शहरे पेटली. डेट्रॉइटमध्ये ४३ माणसे मेली. ३० जुलैच्या रात्री मिलवॉकीतही दुकाने फुटली, आगी लागल्या, गोळ्या झाडल्या गेल्या. महापौर हेन्री मायर यांनी संपूर्ण शहरात चोवीस तासांची संचारबंदी पुकारली. राज्यपाल वॉरेन नोल्स यांनी नॅशनल गार्ड बोलावले. किमान तीन जणांचा बळी गेला. मृतांत एक पोलीस होता आणि पोलिसांच्या गोळीने मेलेला एक तरुण कृष्णवर्णीय विद्यार्थीही होता. सुमारे १,७०० लोकांना अटक झाली. कठोर व तत्पर कारवाईबद्दल महापौरांचे कौतुक झाले. रस्ते शांत झाले, परंतु घरबंदी होती तशीच राहिली.

फादर ग्रोपींनी दंगलीचे समर्थन केले नाही. मात्र त्या रस्त्यावरील शांततेला त्यांनी शांती मानले नाही. दंगलीला महिनाही पूर्ण झाला नव्हता तोच, २८ ऑगस्ट रोजी, सुमारे दोनशे मोर्चेकऱ्यांसह ते १६ व्या रस्त्यावरचा पूल ओलांडून दक्षिणेकडे निघाले. मोर्चा कॉशियुस्को पार्ककडे जाणार होता. त्या उद्यानाला लागूनच संत जोसाफट यांचे भव्य बॅसिलिका आहे. पुलापलीकडे हजारो लोक शिव्याशाप, दगड व बाटल्या घेऊन उभे होते. दुसऱ्या रात्री विरोधकांची संख्या तेरा हजारांवर गेल्याचे सांगितले जाते. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. मोर्चा परत येतो तोच युवक परिषदेचे ‘फ्रीडम हाऊस’ जळून खाक झाले. पोलिसांनी आगीच्या बॉम्बचे कारण दिले, तर मोर्चेकऱ्यांनी पोलिसांच्या अश्रुधुराच्या नळकांड्यावर ठपका ठेवला.

येथे आम्ही वाचकांना क्षणभर थांबण्याची विनंती करतो. त्या जमावातील कित्येक माणसे कॅथलिक होती. त्यांच्या घरांत क्रूस होते, त्यांची मुले ख्रिस्तमंदिरात शिकत होती आणि रविवारी ती पवित्र मिस्साला जात होती. ज्या दक्षिण भागात जेम्स वाढले, ज्याच्या दुकानात ते गिऱ्हाइकांना सामान बांधून देत, त्याच भागाने त्यांच्यावर दगड उगारला. ही माणसे दुष्ट होती, असे म्हणून आपली सुटका होणार नाही. कष्टाने घेतलेल्या घराची किंमत घसरेल, ही भीती त्यांच्या मनात होती. भीतीने सुवार्तेवर मात केली, एवढाच त्याचा अर्थ.

महापौरांनी रात्रीच्या निदर्शनांवर तीस दिवसांची बंदी घातली. जमाव हिंसक होता आणि बंदी मोर्चेकऱ्यांवर आली. फादर ग्रोपी व व्हेल फिलिप्स यांनी ती मोडली व दोघांनाही अटक झाली. काही दिवसांतच तो हुकूम मागे घ्यावा लागला. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी तार पाठवून पाठिंबा कळवला. थंडीवाऱ्यात, बर्फात मोर्चे चालू राहिले. १४ मार्च १९६८ रोजी ते थांबले, तेव्हा सलग दोनशे रात्री झाल्या होत्या. ४ एप्रिलला डॉ. किंग यांची हत्या झाली, ११ एप्रिलला देशात समान गृहनिवासाचा कायदा आला आणि ३० एप्रिलला मिलवॉकीच्या नगर परिषदेने त्याहूनही कडक नियम संमत केला.

या काळात आर्चबिशप विल्यम कझिन्स यांची मोठी कसोटी लागली. फादरांना हलवा, अन्यथा देणग्या बंद करू, अशी मागणी असंख्य भाविकांकडून येत होती. आर्चबिशपांना फादरांची कार्यपद्धती पसंत नव्हती. तरीही उद्दिष्ट न्याय्य असल्याचे त्यांनी जाहीरपणे मान्य केले आणि फादरांना पदावरून दूर केले नाही. मतभेद असतानाही आपल्या धर्मगुरूला न सोडणारा मेंढपाळ म्हणून त्यांचेही स्मरण ठेवले पाहिजे.

फादर ग्रोपींच्या अटकांनी कायद्यालाही काही दिले. ऑगस्ट १९६७ मधील अटकेच्या खटल्यात, शहरातील वातावरण कलुषित असल्याने खटला अन्यत्र चालवावा, ही त्यांची विनंती नाकारण्यात आली होती, कारण लहान गुन्ह्यांसाठी विस्कॉन्सिन राज्यात तशी सोय नव्हती. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा सरसकट नकार घटनाबाह्य ठरवला. १९६९ साली गरिबांच्या साहाय्यनिधीतील कपातीविरुद्ध त्यांनी मॅडिसन येथे विधानसभेचे सभागृह व्यापले, तेव्हा सभागृहाने त्यांना बाजू मांडण्याची संधी न देताच तुरुंगवासाची शिक्षा ठोठावली होती. तीही १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. कायदा मोडणाऱ्यालाही कायद्याचे संरक्षण असते, हे त्यातून पुन्हा सिद्ध झाले.

पुढील वर्षे एकाकी गेली. मोर्चे संपले, कॅमेरे निघून गेले. १९७६ साली त्यांनी विवाह केला. त्याबरोबर त्यांची धर्मगुरुपदाची सेवा संपली व ते ख्रिस्तसभेच्या बहिष्कारास पात्र ठरले. अँग्लिकन परंपरेतील एपिस्कोपल चर्चमध्ये धर्मगुरू होण्याचा विचार त्यांनी काही काळ केला, पण अखेर तो सोडून दिला. सेमिनरीच्या दिवसांत सुट्टीत केलेले काम पुन्हा हाती घेऊन १९७९ पासून ते मिलवॉकीच्या रस्त्यांवर बस चालवू लागले. १९८३ साली सहकारी कामगारांनी त्यांना संघटनेच्या अध्यक्षपदी निवडले. ४ नोव्हेंबर १९८५ रोजी मेंदूच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. मागे पत्नी व तीन मुले होती. वय अवघे ५४.

गुरुदीक्षेचे व्रत मोडणाऱ्याचा गौरव धर्मप्रांताच्या पानांवर का, असे काही वाचक विचारतील. आम्हीही धर्मगुरू आहोत आणि त्या व्रताचे मोल आम्हांस ठाऊक आहे. त्यांचा तो निर्णय आम्ही आदर्श म्हणून मांडत नाही. परंतु अभिषिक्त हातांनी त्यांनी जे केले ते सुवार्तेचेच कार्य होते आणि नंतरच्या निर्णयाने ते पुसले जात नाही. अंतिम निवाडा प्रभूचा आहे.

१९८८ साली १६ व्या रस्त्यावरच्या त्या पुलाला जेम्स ई. ग्रोपी ऐक्य पूल असे नाव देण्यात आले. कायदा झाला, पुलाला नाव मिळाले, तरी दुभंग पुरता मिटला नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये पोलिसाच्या गोळीने एक कृष्णवर्णीय तरुण मेला आणि मिलवॉकीच्या शर्मन पार्क भागात पुन्हा आगी पेटल्या, पुन्हा नॅशनल गार्डला सज्ज ठेवावे लागले. संचारबंदीने रात्र निभावता येते, शेजार घडवता येत नाही. ते काम श्रद्धावंतांचे आहे.

वाचकहो, आपल्याही वसाहतीत कुणी घर मागावयास येतो, तेव्हा आपण त्याचे नाव व आडनाव ऐकून काय उत्तर देतो? पुढच्या रविवारी मिस्साबलिदानात शेजाऱ्याला शांतीची खूण देताना, आपण पुलाच्या कोणत्या टोकाला उभे आहोत, हे प्रत्येकाने स्वतःशी तपासून पाहावे, एवढीच आमची विनंती.